मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज नेमका कुठे अडतो

"फॉर्म भरून सहा महिने झाले ताई, दिव्यांग कार्ड काही आलं नाही." असं कुणी म्हणालं की मी आधी एकच विचारते, लेकराला तपासणीला नेलं का? उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: "तिथून फोन येईल म्हणले होते." फोनची वाट बघत घरी बसू नका. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि कार्डाच्या सरकारी वेबसाइटवर, अर्ज भरला म्हणजे फक्त नोंद झाली. पावती आणि मूळ कागद घेऊन, लेकराला सोबत नेऊन बोर्डापुढे, म्हणजे दिव्यांगत्व तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांपुढे, तुम्हालाच उभं राहावं लागतं. बोर्ड ठरावीक वारीच बसतो, म्हणून वार आधी विचारून घ्या. सेलू किंवा भूम तालुक्यातून एसटीने आलेल्या बाईला "आज बोर्ड नाही" हे खिडकीवरच कळावं, याचा मला आजही संताप येतो.

मुदतीचा घोळ इथूनच सुरू होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललेल्या नियमांत तीन महिन्यांची मुदत आहे, पण ती प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेसाठी. लोक तिचा अर्थ "तीन महिन्यांनी घरपोच येईल" असा घेतात. तुम्ही लक्षात ठेवायची मुदत वेगळी आहे: दोन वर्षं अर्ज पुढे सरकलाच नाही, तर तो बाद होतो आणि पुन्हा अर्ज करायची वेळ येऊ शकते. बीड, धाराशिवकडची ऊसतोडीची घरं यात फार सापडतात. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, परतेपर्यंत उन्हाळा लागतो, तोवर अर्जात दिलेलं सिमही बंद झालेलं असतं. अर्ज पावसाळ्यातच करा आणि टोळी निघायच्या आत तपासणी उरका. नंबर गावात राहणाऱ्या आजी-आजोबांचा किंवा काकाचा द्या. तपासणी राहत्या जिल्ह्यातच झाली पाहिजे असंही नाही. लेकरावर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथेही अर्ज करता येतो.

पात्रतेचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. कार्ड ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. अर्जाला पैसे लागत नाहीत. "टक्के वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

कागद थोडेच: फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, आधार. अडतं ते आधारवर. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. तिच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात. पाच वर्षांची झाली तेव्हा बोटांचे ठसे द्यायला आधार केंद्रात नेलं. मी तिचा हात कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवायचे, तोवर दुसरं मिटायचं. ती रडून लाल झाली आणि आम्हाला तीनदा परत पाठवलं. चौथ्या वेळी दुसऱ्या केंद्रातल्या पोराने सांगितलं, ठसे येतच नसतील तर बायोमेट्रिक अपवाद म्हणून नोंद करता येते. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? तुम्ही हा शब्द पाठ करूनच जा. जन्मदाखल्यावर 'आरुषी' आणि आधारवर 'आरुशी' असेल तर तेही अर्जाआधीच दुरुस्त करा, कारण प्रमाणपत्रावर चूक छापून आली की ती निस्तरायला वेगळे हेलपाटे.

तपासणीच्या दिवशी लेकराला उपाशी नेऊ नका. बुद्ध्यांक चाचणीला मूल भुकेलं, चिडलेलं असेल तर त्याला येतं तेही ते करत नाही. ऐकण्याच्या बेरा तपासणीचं उलटं असतं, ती लहान मुलांची झोपेत करतात. त्यामुळे आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि गाडीत झोपू देऊ नका. झोपेचं औषध देणार असतील तर खाण्यापिण्याचं त्यांनी सांगितलेलंच पाळा. घरी लेकरू काय करू शकत नाही ते डॉक्टरांना लाजेखातर लपवू नका. "तसा हुशार आहे हो" म्हणणाऱ्या आया मी पाहिल्यात. माया कळते, पण जेवण भरवावं लागतं, शी-शू सांगता येत नाही, रात्री झटका येतो, हे बोर्डाला कळलंच पाहिजे.

"अजून लहान आहे, नंतर आणा" असं तोंडी सांगितलं तर तसेच उठून येऊ नका. प्रमाणपत्र नाकारायचं असेल तर कारणासह लेखी द्यावं लागतं. ते मागा, कारण त्याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करायचं तर तोच कागद लागतो.

प्रमाणपत्र हातात आलं की टक्क्यांआधी वैधतेची तारीख बघा. लहान मुलांना बरेचदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. तारीख उलटली की एसटीची ७५ टक्के सवलत अडते आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसेही अडकू शकतात. दिव्यांगांसाठी ती रक्कम २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० झाली आहे, त्यासाठी वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं आणि अर्ज तहसीलला द्यायचा असतो. तारीख संपायच्या तीन-चार महिने आधीच पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाका. मी ती तारीख लाल पेनने कालनिर्णयवर लिहून ठेवते आणि नवं वर्ष लागलं की नव्यावर उतरवते.