"तेव्हा तू आईबाबांकडे का जात नाहीस?"

जीव नकोसा झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आईवडील उपचाराला येतात, तेव्हा त्यांच्याकडे तक्रारींची यादी तयार असते. अभ्यास करत नाही, धड जेवत नाही, सतत मोबाइल, काही विचारलं की दार आपटतो. 'अटॅचमेंट-बेस्ड फॅमिली थेरपी'त, म्हणजे मूल आणि आईवडील यांच्यातल्या जिव्हाळ्याच्या नात्यावर आधारलेल्या कौटुंबिक उपचारात, ही यादी पहिल्याच सत्रात बाजूला ठेवतात. थेरपिस्ट मुलाला विचारतो, "इतकं असह्य होतं, तेव्हा तू आईबाबांकडे का जात नाहीस?"

"त्यांना सांगून काय उपयोग?" असं काहीसं उत्तर येतं. खोलीत शांतता पसरते. उपचाराची सुरुवात तिथून होते.

ही पद्धत अमेरिकेत फिलाडेल्फियात मानसशास्त्रज्ञ गाय डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य आणि आत्महत्येचे विचार असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी घडवली. तिचा पाया जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाच्या सिद्धांतात आहे. संकटात धाव घ्यायला हक्काचं माणूस असणं ही बोल्बींच्या मते मुलाची मूलभूत गरज आहे. एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात केलेला प्रयोगही इथे आठवावा. बाळाशी खेळणारी आई काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून, हात पुढे करून तिला बोलावतं आणि शेवटी तोंड फिरवतं. ट्रॉनिक यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: चांगल्या नात्यातही आई आणि बाळाचे सूर वारंवार चुकतात. महत्त्वाचं असतं ते सूर पुन्हा जुळणं. थेरपीचा सगळा भर या जुळवण्यावर आहे.

उपचार साधारण 12 ते 16 आठवडे चालतो आणि त्याचे पाच टप्पे आहेत. पहिल्यात वरचा प्रश्न विचारून "आधी नातं दुरुस्त करू" यावर सगळ्यांची संमती मिळवतात. दुसऱ्यात थेरपिस्ट मुलाला एकट्याला दोन ते चार वेळा भेटतो. विश्वास नेमका कुठे तुटला ते शोधतो आणि ते शब्दांत मांडायची तयारी करून घेतो. "तुम्ही नेहमी असंच करता" या वाक्याने समोरचा फक्त चिडतो. "आजी गेली तेव्हा मला कुणी काही सांगितलंच नाही" हे मात्र ऐकून घेता येतं. तिसऱ्यात आईवडिलांची वेगळी सत्रं होतात. त्यांच्यावरचे आजचे ताण, त्यांच्या स्वतःच्या लहानपणी त्यांना कुणी जवळ घेतलं आणि कुणी नाही, हे बोललं जातं. स्वतःची जुनी जखम आठवली की मुलाची जखम दिसू लागते. मग ऐकण्याचा प्रत्यक्ष सराव होतो.

चौथा टप्पा समोरासमोर बसण्याचा. मूल बोलतं; आईवडील ऐकतात, थोडेच प्रश्न विचारतात: "तेव्हा तुला काय वाटलं? अजून सांग." आपली बाजू ते नंतर सांगतात. सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो, आणि बिघडवणारा शब्द बहुधा 'पण' असतो. "पण तेव्हा आमची परिस्थिती तशी होती" म्हटलं की मूल मिटून जातं. काही आया इतक्या रडतात की मुलालाच त्यांची समजूत काढावी लागते. मुलाची गोष्ट अर्धीच राहते. घाईने मागितलेली माफीही बोलणं तोडते, कारण मुलाला ऐकू येतं, "झालं ना आता?" थेरपिस्टही चुकतो: शांतता सहन न होऊन मध्ये बोलतो, आणि मूल आईऐवजी त्याच्याशीच बोलू लागतं. तयारीची सत्रं गाळून थेट हा संवाद घडवला तर जुनंच भांडण नव्या खोलीत होतं.

शाळा, मित्र, घरची कामं, मोबाइल पाचव्या टप्प्यात येतात. तोवर नियमांवर बोलण्यापुरता विश्वास तयार झालेला असतो.

परिणामांबद्दल प्रामाणिक असायला हवं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 66 मुलांवरच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीने आत्महत्येचे विचार अधिक कमी झाले. 2019च्या 129 मुलांवरच्या चाचणीत मात्र ती आणि आधार देणारी, पालकांनाही थोडं सामील करणारी वैयक्तिक थेरपी, दोन्हींचा जवळपास सारखाच उपयोग झाला. म्हणजे हा एक चांगला मार्ग आहे, एकमेव नव्हे.

नावात गल्लत होऊ देऊ नका. 'अटॅचमेंट थेरपी' या नावाखाली मुलांना जबरदस्तीने दाबून धरण्याचे प्रकारही झाले आहेत. 2000 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत अशाच 'रिबर्थिंग' (मुलाला गुंडाळून 'पुन्हा जन्म' घेतल्याचा देखावा करण्याच्या) सत्रात 10 वर्षांची मुलगी गुदमरून दगावली. मुलाला बळाने धरणारी कोणतीही पद्धत दिसली की मुलाला घेऊन तिथून निघा. घरात मारहाण किंवा अत्याचार सुरू असेल, तर समोरासमोरच्या संवादाआधी मुलाची सुरक्षितता पाहावी लागते. आणि मूल मरणाबद्दल बोलत असेल तर सत्राच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, आणि 14416 या 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका वाटला तर थेट रुग्णालय गाठा.