व्हायोलिनचं वजन कुणी पेलायचं?

व्हायोलिनच्या क्लासला घातलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात सूर कमी आणि हुकूम जास्त ऐकू येतात. मान वाकडी करू नकोस. डावा अंगठा आवळू नकोस. मनगट दांडीला टेकवू नकोस. करंगळी वाकव. कोपर खाली, अरे इतकं खाली नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की हे सगळं वाद्याबरोबरच इटलीतून आलं असणार. तसं नाही. व्हायोलिनला पाचशे वर्षं होत आली, पण आज ‘बरोबर’ म्हणून शिकवतात ती पकड त्यातल्या जेमतेम दोनशे वर्षांची आहे, आणि सर्रास दिसणारा शोल्डर रेस्ट, म्हणजे वाद्याखाली लावायचा खांद्याचा आधार, तर विसाव्या शतकातला. वाद्याचं वजन अर्धा किलोच्या आतबाहेर, गज साठ ग्रॅमच्या आसपास. एवढंसं ओझं छातीवर घ्यायचं, हातावर, हनुवटीखाली की पायावर, याचं उत्तर दर काही पिढ्यांनी बदललं. बदलण्याचं कारण बहुतेक वेळा एकच होतं: वाजवायचं संगीत बदललं होतं.

सोळाव्या शतकात उत्तर इटलीत, क्रेमोनाला आंद्रेआ आमाती आणि ब्रेशाला गास्पारो दा सालो यांच्या कारखान्यांत हे वाद्य आकाराला आलं, तेव्हा त्याचं मुख्य काम नाचाला साथ करणं हे होतं. तालावर छोटे छोटे तुकडे वाजवायचे, तेही बहुधा उभ्याने किंवा चालता चालता. त्यासाठी व्हायोलिन छातीला किंवा खांद्याच्या जरा खाली टेकवलं की भागत असे. हनुवटी लागतच नव्हती. डावा हात एकाच जागी, दांडीच्या टोकाशी राहायचा, त्यामुळे वाद्य त्याच हाताने तोललं तरी अडत नसे. फ्रान्समध्ये नाचाची साथ करणारे उजवा अंगठा चक्क गजाच्या केसांखाली धरत. इटलीत सोनाटा वाजवणारे मात्र तो काडीवर ठेवत. आज नवशिक्याने अंगठा केसांना लावला तर सर लगेच हटकतात. सतराव्या शतकात, फ्रेंच दरबाराचा संगीतकार लुली याच्या काळातल्या पॅरिसमध्ये तीच शिस्त होती, आणि तालाच्या ठाशीव ठोक्यासाठी ती अगदी सोयीची होती.

अडचण सुरू झाली ती हात वर सरकायला लागला तेव्हा. दांडीवरून घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या लाकडी तुकड्याच्या दिशेने हात नेणं सोपं असतं, कारण जाताना आपण वाद्य स्वतःच्या अंगाकडे ढकलत असतो. खरी परीक्षा परत येताना. हात खाली ओढला की त्याच्याबरोबर व्हायोलिनही निघून यायला बघतं. १७३८ साली पॅरिसमध्ये मिशेल कोरेतने लिहून ठेवलं की जागा बदलायची असेल तर हनुवटी टेकवायलाच हवी. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही अनेकांनी दुसरी युक्ती केली: अंगठा आधी मागे घ्यायचा, मग बोटं त्याच्यामागून सरपटत आणायची, आणि शक्यतो मोकळी तार वाजत असतानाच हे उरकायचं. जुन्या धाटणीची व्हायोलिन वाजवणारे आजही असंच खाली येतात. बघायला मजा येते, शिकायला महिने जातात.

या प्रश्नावर नीट बसून लिहिलेले दोन ग्रंथ पाच वर्षांच्या अंतराने आले. कोरेल्लीच्या परंपरेतला इटालियन वादक फ्रांचेस्को जेमिन्यानी याने १७५१ साली लंडनमध्ये आपलं पुस्तक काढलं. त्यात व्हायोलिन गळ्याच्या हाडाच्या जरा खाली टेकवायला सांगितलंय, उजवी बाजू किंचित खाली झुकवून. पण त्या पुस्तकातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट वेगळीच आहे. पहिलं बोट सगळ्यात बारीक तारेवर, दुसरं तिच्या शेजारच्या तारेवर, तिसरं त्यापुढच्या आणि करंगळी सगळ्यात जाड तारेवर, अशी चारही बोटं आपापल्या स्वरांवर एकदम बसवायची, आणि मग न हलवता फक्त थोडी वर उचलायची. करून बघा. करंगळी जाड तारेपर्यंत पोचवायची तर कोपर आपोआप वाद्याच्या खाली आत येतं, मनगट दांडीपासून सुटतं आणि बोटं उभी पडतात. मनगट आणि कोपराबद्दलचे दोन-तीन हुकूम तोंडातून न काढता हे एकच आसन काम करून जातं. ‘जेमिन्यानी पकड’ या नावाने ते अजून शिकवलं जातं, आणि माझ्या मते सुरुवात करणाऱ्यासाठी इतकं नेमकं दुसरं काही कुणी शोधलेलं नाही.

दुसरा ग्रंथ लेओपोल्ड मोत्सार्टचा, १७५६ साली आउग्सबुर्गमध्ये छापलेला. त्याच वर्षी त्याच्या घरी वोल्फगांग जन्मला. लेओपोल्ड हाडाचा मास्तर होता. बरोबर पकडीबरोबर चुकीच्या पकडीचंही चित्र त्याने छापलं. व्हायोलिन धरायच्या दोन पद्धती तो सांगतो. छातीच्या उंचीवर तिरकं धरणं बघणाऱ्याला मोहक दिसतं, पण हात वरखाली न्यायचा तर वाद्याला आधारच उरत नाही, असं त्याचं म्हणणं; लांबच्या सरावाने अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ते सांभाळण्याची कला साधली तरच निभावतं. दुसरी पद्धत गळ्याशी टेकवून हनुवटीखाली घ्यायची, म्हणजे हाताने कितीही जोर केला तरी व्हायोलिन जागचं हलत नाही. गंमत म्हणजे त्याच्या या ‘पक्क्या’ पद्धतीत हनुवटीखाली येते ती बारीक तारेची, म्हणजे उजवीकडची बाजू. हनुवटी डावीकडे, जाड तारेच्या बाजूला न्यायला सांगितलं ते पॅरिसच्या लाबे ल फीसने, १७६१ मध्ये. आजचा प्रत्येक विद्यार्थी नकळत त्याचंच ऐकतो. लेओपोल्डचा एक हट्ट मात्र जसाच्या तसा टिकला: उजव्या हाताची करंगळी गजावर कायम असली पाहिजे, कारण आवाज मोठा-लहान करण्याचा ताबा तिच्याकडे आहे.

यानंतरच्या पन्नास वर्षांत वाद्यच बदललं. दिवाणखान्यांतून व्हायोलिन मोठ्या सभागृहांत गेलं, आवाज दूर पोचवणं आलं. दांड्या लांब आणि मागे कललेल्या झाल्या, बोटांखालची पट्टी लांबली, तारांचा ताण वाढला. स्त्रादिवारीची जुनी व्हायोलिनंसुद्धा उघडून त्यांना नव्या दांड्या बसवल्या गेल्या. पॅरिसमध्ये फ्रांस्वा तुर्तने, जो आधी घड्याळं करायला शिकला होता, १७८०च्या दशकात ब्राझीलच्या पर्नाम्बुको लाकडाचा, आत वाकवलेला, साधारण ७४-७५ सेंटिमीटरचा गज पक्का केला. जुना गज टोकाकडे जाताना आपोआप बारीक बोलायचा. नवा गज टोकापर्यंत एकसारखा बोलू शकतो, पण त्यासाठी तर्जनीने जोर द्यावा लागतो आणि मुठीजवळ, म्हणजे गज धरायच्या टोकाशी आल्यावर करंगळीने तोच भार उचलून धरावा लागतो. ‘करंगळी वाकव’ हा हुकूम इथे खरा अर्थाला येतो. ताठ करंगळीला तो तोल सावरताच येत नाही. मग अंगठा घट्ट होतो, आणि अंगठ्यामागोमाग खांदा.

१७९५ साली पॅरिसचं कॉन्झर्व्हेटॉयर स्थापन झालं, आणि बायो, रोद आणि क्रॉयत्झर या तीन व्हायोलिनवादकांनी तिथली अधिकृत पद्धत लिहून काढली. उस्तादागणिक वेगळी असलेली पकड पहिल्यांदाच सरकारी संस्थेचा अभ्यासक्रम झाली. ‘एकच बरोबर पद्धत असते’ हा समज मला वाटतं तिथूनच मूळ धरतो. बायो स्वतः इतका कर्मठ नव्हता. १८३४च्या आपल्या पुस्तकात त्याने खांदा आणि वाद्य यांच्यातली पोकळी भरायला जाड रुमाल किंवा छोटी उशी घ्यायला हरकत नाही असं सांगितलंय. आजच्या शोल्डर रेस्टचा तोच पूर्वज.

हनुवटीसाठीची पट्टी, म्हणजे चिन रेस्ट, त्याच सुमारास आली. जर्मन वादक लुई श्पोर याने १८२०च्या आसपास ती बसवली. टेलपीसच्या, म्हणजे तारा खालच्या टोकाला अडकवायच्या तुकड्याच्या वर, अगदी मधोमध. त्याचं कारण व्यवहारी होतं. नव्या संगीतात हात सतत वरखाली जातो, तेव्हा हनुवटीने घट्ट धरणं भाग आहे. पण हनुवटी थेट लाकडावर दाबली की कंप अडतो. पुढे ही पट्टी डावीकडे सरकली. ती यायच्या आधी, अन् आल्यावरही, पगानिनीने डाव्या पायावर भार टाकून, कोपर अंगाशी ठेवून, चिन रेस्टशिवाय जे वाजवलं ते अजून भल्याभल्यांना जमत नाही. म्हणजे साधन आलं म्हणून वादन शक्य झालं असं नाही. सामान्य विद्यार्थ्याला ते शक्य झालं. शिकवणीच्या इतिहासात हा फरक मोठा आहे.

एकोणिसावं शतक उजव्या हाताचं. जुन्या जर्मन शिस्तीत कोपर अंगाजवळ ठेवायचं म्हणून मुलांना काखेत पुस्तक धरून वाजवायला लावत. सगळी हालचाल एकट्या मनगटातून करायची. १९०३ मध्ये श्टाइनहाउझेन या जर्मन डॉक्टरने शरीरशास्त्राच्या अंगाने दाखवून दिलं की गज मनगटाने चालत नाही, अख्ख्या हाताने चालतो. काखेतलं पुस्तक हळूहळू गेलं. १९२३ मध्ये व्हायोलिनवादक आणि शिक्षक कार्ल फ्लेशने गजाच्या पकडींची जर्मन, फ्रेंच-बेल्जियन आणि रशियन अशी वर्गवारी केली. भेद मुख्यतः तर्जनी काडीला कुठल्या पेराशी टेकते याचा. जितकी आत टेकेल तितका हात आतल्या बाजूला वळतो आणि तितकं हाताचं वजन तारेवर येतं. रशियन पकड ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते पीटर्सबर्गचे लेओपोल्ड आउअर, हायफेट्झ आणि मिल्स्टाइन यांचे गुरू. त्यांनी १९२१च्या पुस्तकात खांद्याच्या उशीवर टीका केली, कारण ती वाद्याचा आवाज दाबते. तो वाद आजही मिटलेला नाही.

लहान मुलांना शिकवण्याचा विचार यानंतरचा. जपानमध्ये शिनिची सुझुकी यांनी १९४६ पासून मात्सुमोतोला शिकवताना पायांची जागा कागदावर आखून दिली, सुरुवातीला खोक्याचं खोटं व्हायोलिन हातात दिलं, आणि अंगठा गजाच्या मुठीच्या खालून धरायला सांगून बोटं मोकळी ठेवली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पॉल रोलंड यांनी १९६६ ते १९७१ या काळात प्रकल्पच चालवला. त्यांचा भर एका गोष्टीवर होता: पुतळ्यासारखं उभं करून मग हलायला शिकवू नका, पहिल्या दिवसापासून हालचालीतूनच उभं राहणं शिकवा. व्हायोलिन डाव्या हाताने डोक्यावर उंच धरायचं आणि तिथून खांद्यावर उतरवायचं, हा त्यांचा व्यायाम. वरून उतरलेलं वाद्य खांद्यावर बसतं. समोरून ओढून घेतलेल्या वाद्याकडे मान पुढे जाते.

आपल्याकडे मात्र या सगळ्या वादाला वळसा घालून वेगळंच उत्तर निघालं. मद्रासमध्ये युरोपियन बँडवाल्यांकडून व्हायोलिन शिकलेले बालुस्वामी दीक्षितर, म्हणजे कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी यांचे धाकटे भाऊ, आणि तंजावरच्या चार संगीतकार भावांपैकी वडिवेलू, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कर्नाटक संगीतात रुजवलं. वादक मांडी घालून बसतो, उजवा पाय जरा पुढे काढतो, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवतो आणि वाद्याचा मागचा भाग छाती-खांद्याशी. दोन टोकांना दोन आधार. हनुवटी मोकळी, मान सरळ, आणि डावा हात पूर्णपणे बिनभाराचा. तारा षड्ज-पंचमात मिळवायच्या आणि एकाच बोटाने एका तारेवर अख्खी मींड ओढायची, तर हे हवंच होतं. हनुवटीखाली धरून अशी लांब मींड घेता येत नाही असं नाही, पण हात परत येताना कोरेतची जुनी अडचण दर वेळी आडवी येते.

हिंदुस्थानी वादकांनीही हीच बैठक घेतली. गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार, आणि बनारसला ओंकारनाथ ठाकुरांच्या तालमीत गायकी अंग घडवलेल्या एन. राजम्, हे सगळे बसूनच. गजाननबुवा तर मुळात ख्यालगायक. गळ्यात जे आहे ते हातात उतरवायचं, इतकाच प्रश्न होता. त्याच वेळी मुंबईत दुसरी शाळाही जोरात चालू होती. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपीसकट व्हायोलिन शिकलेले वादक सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात हनुवटीखाली धरून वाजवत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. एकाच शहरात, एकाच वाद्यावर, दोन्ही आसनं बरोबर होती.

आजही आहेत, आणि पालकांचा घोटाळा इथेच होतो. मुलाने आधी हनुवटीखालची पद्धत घेतली आणि दोन वर्षांनी राग शिकायला बसला, की त्याला सूर नव्याने शिकावे लागत नाहीत. अंगठा नव्याने शिकावा लागतो. पहिल्या पद्धतीत अंगठा दांडीच्या बाजूला हलका, जागा बदलताना हाताबरोबर जाणारा. दुसरीत तो दांडीवरून बोटांसोबत लांब घसरत राहतो. उलटं जाणाऱ्याला डावं कोपर आत आणायचा त्रास होतो, तिथे जेमिन्यानीची चार बोटं कामाला येतात. दोन्हीकडे मास्तर एकच तपासणी करतात: वाजवता वाजवता डावा हात काढून घ्यायला सांगायचा. व्हायोलिन जागेवर राहिलं तर बैठक जमली. हाताबरोबर खाली आलं तर इतका वेळ हातच ते पेलत होता, आणि अशा हाताला मींड काय किंवा व्हायब्रॅटो, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवणं काय, दोन्ही जमणार नाहीत. या तपासणीत हनुवटी गच्च दाबून पास होणारी मुलंही असतात. त्यांच्या गळ्याशी उमटलेला लाल वळ बघावा. चिन रेस्टची उंची बहुतेक वेळा अर्धा-एक सेंटिमीटर कमी असते, आणि दुकानातून आलेली पट्टी तशीच ठेवली जाते.