वैद्यकीय महाविद्यालयांची पर्यावरण-जबाबदारी आणि समाजबांधिलकी (ठाणे, नवी मुंबई)

वैद्यकीय, दंत, परिचर्या आणि तत्सम शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाने आपल्या रुग्णालयातील कचरा, सांडपाणी, वीज आणि पाणी यांचा भार परिसरावर कमीत कमी पडू देणे, आणि ज्या रुग्णांवर त्याचे विद्यार्थी शिकतात त्यांच्या समाजाच्या आरोग्याची काळजी वाहणे, असे हे दुहेरी कर्तव्य आहे. कला-वाणिज्य महाविद्यालयात अशी कामे बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेपुरती राहतात. येथे ती वॉर्डात, शवविच्छेदन कक्षात आणि आरोग्यकेंद्रावर करावी लागतात, आणि त्यांतली बरीचशी ऐच्छिक नसून कायद्याने बंधनकारक आहेत.

कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय (१९९२) ठाणे महानगरपालिका चालवते. छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे त्याचे अध्यापन-रुग्णालय. नवी मुंबईकडची महाविद्यालये खासगी न्यासांची आहेत : नेरूळ येथील डी. वाय. पाटील (१९८९) आणि तेरणा (१९९१), कामोठे येथील एमजीएम म्हणजे महात्मा गांधी मिशन (१९८९). कामोठे महसुली हिशेबाने रायगड जिल्ह्यात येते, पण व्यवहारात ते नवी मुंबईच. नेरूळ-खारघर पट्ट्यात दंत महाविद्यालयेही आहेत.

या विषयाचा गाभा जैववैद्यकीय कचरा, म्हणजे रुग्णांच्या तपासणी-उपचारांतून निघणारा कचरा, हा आहे. वृक्षारोपणाचे फोटो अहवालात आधी येतात, पण महाविद्यालयाची खरी परीक्षा खाटेशेजारच्या डब्यात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतील सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. उरलेला १५ टक्के संसर्गजन्य, विषारी किंवा किरणोत्सारी असू शकतो. तो बाकीच्यात मिसळला, की सगळाच धोक्याचा धरावा लागतो. भारतात याविषयीचे पहिले नियम १९९८ मध्ये आले. सध्याचे नियम २०१६ चे असून त्यांत कचऱ्याची विभागणी चार रंगांवर आणली आहे.

एका रुग्णाला सलाइन लावायचे म्हटले तरी हे चारही रंग लागतात. वेष्टनाचा कागद साध्या कचऱ्यात जातो. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी आणि हातमोजे लाल पिशवीत. कॅन्युलातील (शिरेत घालायच्या नळीतील) धातूची सुई भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची, आणि औषधाची फोडलेली काचेची कुपी (अँप्यूल) निळ्या खोक्यात. रात्रपाळीला एकट्या इंटर्नवर अख्ख्या वॉर्डाचा भार असतो तेव्हा हातातले सगळे जवळच्या डब्यात जाते, आणि जवळचा डबा बहुतेक वेळा पिवळा असतो. म्हणून डबे कोठे ठेवायचे हा प्रश्न भिंतीवरच्या तक्त्याइतकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना जास्तच.

पिवळी पिशवी भट्टीत जाते. नियमानुसार भट्टीच्या पहिल्या कक्षात किमान ८०० अंश आणि दुसऱ्यात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान लागते. क्लोरीनयुक्त प्लास्टिक तेथे जळले तर डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी संयुगे तयार होऊ शकतात. उरलेले जेवण त्याच पिशवीत गेले, तर ओलाव्यामुळे भट्टीचा ताव कमी होतो. उलट लाल पिशवीतले प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात आणता येते. प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीवांचा कचरा आणि रक्ताच्या पिशव्या रुग्णालयातच निर्जंतुक करून मग बाहेर काढाव्या लागतात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि पिशव्यांवर बारकोड लागतो.

७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल, तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारायची नाही असा नियम आहे. ठाणे-नवी मुंबईतील कचरा त्यामुळे अशा केंद्रांकडे जातो. त्यांपैकी एक तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे. ठाण्यात एन्व्हायरो व्हिजिल या संस्थेने कळव्याच्या रुग्णालय-आवारातच असे केंद्र चालवले. कोविडकाळात वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र आणि बाळकुमचे ग्लोबल हब ही कोविड रुग्णालये झाली, तेव्हा कोविड कचऱ्यासाठी दुहेरी पिशव्या आणि स्वतंत्र नोंद सक्तीची होती.

चुकीच्या डब्यात गेलेली सुई टोचते ती बहुधा टाकणाऱ्याला नव्हे, तर पिशवी उचलणाऱ्या मावशींना किंवा वॉर्डातल्या मामांना. त्यामुळे कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे व प्रशिक्षण देणे नियमात आहे. सुई टोचल्यास एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावे लागते. कंत्राटी कामगार बदलत राहतात आणि प्रत्येक बदलीबरोबर प्रशिक्षण पुन्हा पहिल्या पाठापासून घ्यावे लागते. ते घेतले जाते का, हे तपासणीत पाहण्यासारखे असते.

दंत महाविद्यालयांचा वेगळा प्रश्न पाऱ्याचा. चांदी भरलेला म्हणजे अमाल्गम (पारामिश्रित धातू) असलेला दात काढल्यावर तो पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेला, तर पारा वाफ होऊन हवेत जातो. तो निराळा साठवावा लागतो. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये संमत केला.

पाणी आणि विजेबाबत मार्ग परिचित आहेत : सौरपटले, एलईडी दिवे, पर्जन्यजलसंधारण, डायलिसिससाठी पाणी शुद्ध करताना वाया जाणारे पाणी स्वच्छतागृहांना वापरणे. शस्त्रक्रियागृहात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो.

समाजबांधिलकीचे स्वरूप मालकीनुसार बदलते. कळव्याला कळवा-मुंब्रा-दिव्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात. तेथे सेवा हेच दैनंदिन काम. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णांच्या एकूण बिलांतील २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य या शासकीय योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेची मदत मिळवून देणाऱ्या कर्मचाऱ्याची, खिडकी असते. अनेकदा नातेवाईक बिल हाती पडल्यावर तेथे पोहोचतात. खिडकी कुठे आहे हे ओपीडीतच सांगणारा विद्यार्थी योजनेच्या फलकापेक्षा उपयोगी ठरतो.

अभ्यासक्रमातही हे काम शिरले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब-दत्तक उपक्रमात प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षापासून काही कुटुंबांशी जोडला जातो आणि पुढील वर्षांत त्यांचा रक्तदाब, लसीकरण, गरोदरपण यांचा पाठपुरावा करतो. याला महत्त्व आहे, कारण फक्त शिबिरांवर विसंबले की रुग्णाचा उच्च रक्तदाब सापडतो आणि नंतर त्याला कोणी विचारत नाही. शिबिराला आणखी एक बाजू आहे : अध्यापनासाठी खाटा भरलेल्या असाव्या लागतात, आणि शिबिरातून रुग्ण मिळतात. त्यात गैर काही नाही, मात्र त्याला निव्वळ परोपकार म्हणू नये.

समाजही महाविद्यालयाला देतो. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली मिळणारे आणि स्वेच्छेने दान केलेले देह यांवर पहिल्या वर्षाचे शिक्षण उभे असते. डोंबिवलीचे दधीचि देहदान मंडळ या कामासाठी ओळखले जाते. देह टिकवण्यासाठी लागणारे फॉर्मॅलिन वापरून झाल्यावर रासायनिक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतता येत नाही.

या साऱ्याचे मूल्यमापन नॅक ही उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद करते. तिच्या सातव्या निकषात हरित लेखापरीक्षण, ऊर्जा, कचरा, दिव्यांगसुलभता या बाबी येतात. निकष योग्य असला तरी तो कागदपत्रांवर फार अवलंबून आहे, आणि समिती येण्यापूर्वीचा महिना महाविद्यालयात सगळ्यात हिरवा असतो. सामान्य वाचकाला पडताळणीचा याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयाने कचऱ्याची मासिक नोंद आणि वार्षिक अहवाल आपल्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो. त्यात रंगवार किलो दिलेले असतील, तर अनेक महिन्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. खाटा तेवढ्याच असताना पिवळ्याचा वाटा फुगत आणि लालचा घटत असेल, तर वर्गीकरण बिघडत असल्याची शंका घ्यायला जागा असते.