सातारा संस्थान खालसा

सातारकर छत्रपतींचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीने औरस वारस नाही या सबबीवर ताब्यात घेतले, ती घटना. पाठ्यपुस्तकांत बहुधा १८४८ हे वर्ष देतात. त्या वर्षी राजाचे निधन झाले. खालसा करण्यास संचालक मंडळाची मंजुरी जानेवारी १८४९ मधली असल्याने १८४९ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

फेब्रुवारी १८१८ मध्ये अजिंक्यतारा पडला. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले कामी आले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेबरोबर फिरणारे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने त्यांना साताऱ्यास गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना नीरा ते वारणा-कृष्णा असा मुलूख मिळाला. कारभार मात्र १८२२ पर्यंत कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ पाहत होता.

पुढचा सारा वाद या तहातील शब्दांचा. पहिल्या कलमात मुलूख राजाला, त्याच्या ‘वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना’ कायमचा दिला आहे. दुसऱ्यात त्यांनी तो कंपनीच्या ताबेदारीत राहून सांभाळायचा आहे. दत्तकपुत्र ‘वारस’ ठरतो का? धर्मशास्त्राप्रमाणे ठरतो, आणि खाजगी मिळकतीपुरते कंपनीलाही ते मान्य होते. गादीसाठी मात्र सार्वभौम सत्तेची संमती लागते, आणि सातारा तर आम्हीच निर्माण केलेले राज्य, असा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीचा पक्ष. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क व साताऱ्याचा रेसिडेंट (दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी) बार्टल फ्रिअर यांना तो पटला नव्हता. तहाची भाषा पाहता क्लार्कचे म्हणणे सरस दिसते. फ्रिअर पुढे त्याच खालसा मुलखाचा कमिशनर झाला, हा भाग वेगळा. औरस वारस नसल्यास संस्थान खालसा करण्याचे हे तत्त्व डलहौसीचे म्हणून ओळखले जाते, पण अलिबागच्या आंग्र्यांचे कुलाबा संस्थान त्याच्या आधीच असे गेले होते.

त्याआधी, तहानंतरच्या काळात, जहागीरदारांवरील हक्कावरून प्रतापसिंहांचे मुंबई सरकारशी बिनसले. पलटणीतील शिपाई फितवणे, गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधणे असे आरोप त्यांच्यावर आले. कबुली देऊन गादी राखण्याची अट त्यांनी नाकारली. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवले. तेथेच १८४७ मध्ये ते वारले. गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, तो नामंजूर झाला.

प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये होते. १८५७ मध्ये साताऱ्यातील कट फसल्यावर गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

औंध, भोर, फलटण, जत (आता सांगली जिल्ह्यात), अक्कलकोट या सातारकरांच्या जहागिरी मात्र थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली संस्थाने म्हणून १९४८ पर्यंत राहिल्या.