गाडी बंद, पंखा सुरूच

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीत गाडी लावली, चावी काढली, तरी बॉनेटखाली पंखा घरघरतोच आहे. बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. गॅस बंद केला म्हणून तव्यावरची भाकरी करपायची थांबत नाही, तसंच हे. बहुतेक गाड्यांत इंजिनाबरोबर वॉटर पंपही थांबतो, पण इंजिनाच्या तापलेल्या हेडमधली (वरच्या भागातली) उष्णता जागीच थबकलेल्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, उतरत राहते आणि त्याचं तापमान थोडा वेळ उलट वाढतं. म्हणून कित्येक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कारभार बघणारा कॉम्प्युटर, पंखा काही मिनिटं चालू ठेवतो. बीएस-६ डिझेल गाडीत धुराच्या फिल्टरमधली काजळी जळत असतानाच इंजिन बंद केलं, तरी हेच होतं.

दहा-पंधरा मिनिटांनीही पंखा थांबला नाही, तर खरी परीक्षा सकाळी घ्यायची. गाडी रात्रभर उभी, इंजिन गार. चावी न लावता पंखा फिरत असेल, किंवा उतरलेली बॅटरी चार्ज करून जोडताक्षणी फिरू लागला, तर पहिला संशय रिलेवर, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचवर. एसी बंद ठेवून नुसती चावी ऑन केल्यावर फिरला, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर.

रिले कुठला, ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर छापलेलं असतं. तो उपटून ३० आणि ८७ या पिनांना मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर ठेवून लावा. साध्या चार पिनांच्या रिलेत बीप वाजता कामा नये. वाजला तर आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटलेत. टिचकी मारली की कधीकधी ते सुटतात, पण तोच रिले परत बसवणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. शिवाय पॉइंट कशामुळे चिकटले, हे कुणी विचारतच नाही. पंख्याच्या मोटरचे बुश (दांडा पेलणाऱ्या कड्या) झिजले की ती जड फिरते, जास्त करंट खेचते आणि नवा रिलेही तसाच जळतो. म्हणून गाडी गार असताना, बॅटरीची मायनस तार काढून पंखा बोटाने फिरवून बघा. अडकत असेल तर मोटरही बदलायची. काही नव्या गाड्यांत रिलेऐवजी कंट्रोल मॉड्यूल असतं, तिथे ही तपासणी लागू नाही.

सेन्सरचा रोध गार असताना साधारण दोन-तीन किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास भरतो. वायर तुटली तर ईसीयूला अशक्य आकडा दिसतो आणि इंजिन वाचवायला तो पंखा लावून ठेवतो.

पंखा गरम गाडीतच रेंगाळत असेल, तर आधी इंजिन गार झाल्यावर कूलंटची पातळी आणि रेडिएटरची जाळी बघा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागे धावलेल्या गाडीच्या जाळीत पाचटाचा भुसा आणि चिलटं गच्च बसतात. पाणी इंजिनाच्या बाजूने, हलक्या धारेने मारा; जोराने पत्र्या वाकतात. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत असाल, तर आतूनही क्षार साचलेले असणार.

पंधरा अँपिअर खेचणारा पंखा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-अडीच तासांत बसवतो. रात्रीपुरता रिले काढून ठेवता येतो, पण सकाळी तो परत लावल्याशिवाय गाडी सुरू करू नका.