पिठाचा गहू होत नाही, पण वाण चारच असतील तर?

‘दादा, एवढा एक एमडी५ डिक्रिप्ट करून द्या ना,’ असा निरोप मला महिन्यातून एकदा तरी येतो. पाठवणारा नवखा असेल तर मी समजून घेतो. पण मागे एका निविदेच्या कागदात ‘सर्व पासवर्ड एसएचए-२५६ एन्क्रिप्शनने सुरक्षित ठेवले जातील’ असं वाक्य सही-शिक्क्यानिशी वाचलं, आणि डोकं उठलं. एमडी५ आणि एसएचए-२५६ या दोन्ही हॅशिंगच्या पद्धती, एन्क्रिप्शनच्या नव्हेत. एमडी५ डिक्रिप्ट होत नाही, कारण तो कधी एन्क्रिप्ट झालेलाच नसतो. आणि ज्यांना एवढं पाठ आहे तेही पुढच्याच वळणावर घसरतात. मला खरं लिहायचंय ते त्या वळणाबद्दल.

एन्क्रिप्शन तुम्हाला ठाऊक आहे. मजकूर, किल्ली, गूढ मजकूर. किल्ली असेल तर मजकूर जसाच्या तसा परत. व्हॉट्सॲपचा निरोप, लॅपटॉपची डिस्क, बँकेच्या साइटशी चाललेलं बोलणं, सगळीकडे हेच. खंडणीखोर रॅन्समवेअरही तुमच्या फायली एन्क्रिप्टच करतं, हॅश करत नाही. हॅश केल्या तर परत द्यायला त्याच्याकडे काही उरणारच नाही, मग पैसे कशाचे मागणार? जून २०१७ मधल्या नॉटपेट्या या मालवेअरने मात्र फायली एन्क्रिप्ट केल्या आणि किल्ली परत मिळण्याची वाटच ठेवली नाही. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचं काम त्यात ठप्प झालं होतं. तरीही ते एन्क्रिप्शनच. किल्ली विहिरीत पडली म्हणून कुलपाची गिरणी होत नाही.

हॅशिंग म्हणजे ती गिरणी. आत काहीही घाला, एक अक्षर घाला नाहीतर चार जीबीची फाइल घाला, एसएचए-२५६ मधून बाहेर येणार २५६ बिटं, म्हणजे चौसष्ट अक्षरांची एक माळ. आत एक स्वल्पविराम बदलला तर अख्खी माळ बदलते. इथे किल्ली नावाची वस्तूच नाही. लिनक्सची आयएसओ फाइल उतरवल्यावर आपण तिचा हॅश साइटवरच्या हॅशशी ताडून पाहतो, प्रोग्रामातल्या बदलांचा हिशेब ठेवणारं गिट प्रत्येक कमिटला, म्हणजे बदलाच्या नोंदीला, त्याच्या हॅशनेच ओळखतं, ते याच गुणावर.

बेस६४ या दोन्हींत बसत नाही. ती नुसती लिपी बदलणं आहे, मोडीतलं देवनागरीत लिहिल्यासारखं. ‘आम्ही बेस६४ने एन्क्रिप्ट करतो’ म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, चहा पितो आणि निघतो.

पासवर्ड हॅशच का करायचे, हे ॲडोबीने २०१३ मध्ये स्वतःच्या खर्चाने शिकवलं. त्यांच्याकडून फुटलेल्या फायलीत १५ कोटींहून अधिक नोंदी होत्या आणि पासवर्ड हॅश नव्हे, एन्क्रिप्ट केलेले होते. ट्रिपल डेस नावाची एन्क्रिप्शनची जुनी रीत, सगळ्यांना एकच किल्ली, आणि पद्धत अशी की सारख्या मजकुरातून सारखाच गूढ मजकूर निघावा. वर पासवर्ड आठवावा म्हणून लोकांनी लिहिलेले संकेत शेजारीच, उघडे. सुमारे १९ लाख खात्यांवर एकच गूढ मजकूर दिसत होता. त्यातल्या कुणी ना कुणी संकेतात ‘एक ते सहा’ छापाचं काहीतरी लिहिलेलं असणारच, मग तो १२३४५६ आहे हे ओळखायला किल्ली कशाला लागते? शब्दकोडं सोडवावं तसे लोकांनी ते पासवर्ड सोडवले. आणि किल्ली चोरांच्या हाती लागली असती तर तेवढेही कष्ट पडले नसते.

तेव्हा ‘पासवर्ड विसरलात?’वर टिचकी मारल्यावर जी साइट तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवते, तिथलं खातं त्याच दिवशी बंद करा. तिच्याकडे तो परत काढण्याची सोय आहे, एवढं कळलं की पुरे.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. मग ते मान डोलावून म्हणतात, ‘म्हणजे हॅश एकेरी असतो, उलटा फिरवता येत नाही, म्हणून तो सुरक्षित.’ घसरगुंडी सुरू होते ती इथे.

पिठाचा गहू होत नाही, कबूल. पण मला गहू परत करायचाच नाहीये. कोणता गहू दळला होता, एवढंच ओळखायचंय. बाजारात लोकवन, सिहोर, बन्सी आणि खपली एवढे चारच वाण असतील, आणि एकाच वाणाचं पीठ दर वेळी कणाकणाने सारखंच पडत असेल, तर मी चारही दळून बघीन आणि तुमच्या डब्यातल्या पिठाशी ताडून पाहीन. हॅश ‘फोडणं’ म्हणतात ते एवढंच. उलटं कुणीच फिरवत नाही. ‘एमडी५ डिक्रिप्टर’ अशी पाटी लावलेल्या साइटींकडेही आधी दळून ठेवलेल्या पिठांची वखार असते, दुसरं काही नाही.

म्हणजे हॅशची ताकद गिरणीत नसते. आत घातलेली वस्तू किती शक्यतांपैकी एक होती, यावर सगळं ठरतं. एन्क्रिप्शनमध्ये मजकूर ‘हो’ की ‘नाही’ एवढाच असला तरी नीट वापरलेली किल्ली तो लपवते. हॅशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही दळून बघितलं की संपलं.

आता आपल्याकडचे आकडे घ्या. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी आणि पहिला अंक ६ ते ९. झाल्या ४०० कोटी शक्यता. आरटीएक्स ४०९० हे गेम खेळणाऱ्या पोरांच्या घरात सापडणारं ग्राफिक्स कार्ड हॅशकॅट या हॅश फोडायच्या सॉफ्टवेअरवर सेकंदाला सुमारे २२०० कोटी एसएचए-२५६ हॅश काढतं. देशातले सगळे शक्य मोबाइल नंबर, पाव सेकंदाच्या आत. आधारचे अंक बारा, पण पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा पडताळणीचा, म्हणजे आधीच्या अकरांवरून ठरणारा. उरल्या ८,००० कोटी शक्यता, म्हणजे चारेक सेकंद. पॅनमध्ये अक्षरं आहेत म्हणून लोकांना धीर वाटतो. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी हे ठरलेलं, पाचवं आडनावाचं आद्याक्षर. बाकी सगळं धरून ११,८८१ कोटी, साडेपाच सेकंद. आडनाव माहीत असेल तर ४५७ कोटी, आणि ते डोळ्याची पापणी लवायच्या आत.

हे कागदावरचं गणित नाही. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये बाहेर आली, तेव्हा टॅक्सीचा आणि चालकाचा परवाना क्रमांक एमडी५ करून ‘अनामिक’ केले होते. त्या क्रमांकांचे साचे ठरलेले, शक्यता अडीच कोटींच्या आत. एका अभियंत्याने सगळे क्रमांक हां हां म्हणता उलगडून दाखवले.

माझ्याही टेबलावर अशी एक फाइल आली होती, कुणाकडून ते राहू दे. रकान्याचं नाव ‘अनामिक ग्राहक क्रमांक’, आत चौसष्ट अक्षरी माळा. मी काय केलं? माझ्याच मोबाइल नंबरचा एसएचए-२५६ काढला आणि फायलीत शोधला. सापडला. शेजारच्या रकान्यात मी त्या दिवाळीत काय काय घेतलं होतं ते. पाठवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘पण सर, हॅश तर एकेरी असतो ना?’

‘सॉल्ट घाला की मग,’ हे पुढचं ठरलेलं उत्तर. प्रत्येक पासवर्डाबरोबर एक वेगळी यादृच्छिक चिमूट दळायची म्हणजे सारखे पासवर्डही वेगळे दिसतात, ही कल्पना बेल लॅब्समधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांच्या १९७९ च्या लेखातच आहे. लिंक्डइनने २०१२ मध्ये ती पाळलेली नव्हती. तिथून बाहेर पडलेले ६५ लाखांच्या आसपास एसएचए-१ हॅश बिनमिठाचे होते. पण सॉल्ट गुपित नसतं, ते हॅशच्या शेजारीच लिहिलेलं असतं. त्याने वखारवाल्याची पंचाईत होते, तयार पीठ त्याच्या कामाचं राहत नाही. प्रत्येक ओळ नव्याने दळावी लागते, आणि मोबाइल नंबरच्या बाबतीत एक ओळ म्हणजे पुन्हा तेच, पाव सेकंदाच्याही आत. चार लाख ग्राहक असतील तर एका दिवसात मोकळे.

नंबरासारख्या गोष्टी खरोखर झाकायच्या असतील तर किल्ली लागतेच. एचमॅक वापरा, म्हणजे किल्ली घालून काढलेला हॅश, आणि ती किल्ली डेटाबेसपासून लांब, वेगळ्या जागी ठेवा. किंवा सरळ एन्क्रिप्ट करा. आणि फाइल ज्याला देताय त्याला किल्ली देऊ नका. हे सांगावं लागतं, कारण दिलेली मी पाहिली आहे. लोक हॅशकडे का पळतात हे मला पक्कं ठाऊक आहे. किल्ली सांभाळायचा कंटाळा येतो. हॅशला किल्ली नाही, म्हणजे जबाबदारी नाही, असा तो हिशेब.

पासवर्डांचं तसं नाही. तिथे आपल्यालाही परत काही काढायचं नसतं, त्यामुळे हॅशच हवा, फक्त गिरणी मुद्दाम संथ हवी. इथे आणखी एक वाक्य मला छळतं: ‘एमडी५ मोडलाय, म्हणून आम्ही एसएचए-२५६वर गेलो.’ एमडी५ मोडलाय तो टकरीच्या अर्थाने. एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या फायली मुद्दाम घडवता येतात, हे वांग शियाओयून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं. २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या फ्लेम या हेर-मालवेअरने त्याच दोषावर मायक्रोसॉफ्टचं बनावट प्रमाणपत्र उभं केलं होतं. एसएचए-१ची टक्कर २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने आणि गूगलने प्रत्यक्ष घडवून दाखवली. डिजिटल सह्या, प्रमाणपत्रं, फायलींची ओळख, यांसाठी हे सगळं प्राणांतिक. पण तुमचा पासवर्ड ओळखायला निघालेल्याला टक्कर नकोच आहे. त्याला वेग हवाय. आणि वेगात एसएचए-२५६ एमडी५पेक्षा सातेक पट मंद, बस. बैलगाडीच्या शर्यतीत एक बैल जरा म्हातारा, एवढाच फरक.

पासवर्डांसाठी मुद्दाम संथ घडवलेलं, १९९९ मधलं बीक्रिप्ट बघा. त्यात ‘कॉस्ट’ नावाच्या आकड्यावर संथपणा ठरतो. तेच ४०९० कार्ड एमडी५चे सेकंदाला १६,४०० कोटी काढतं आणि बीक्रिप्टचे, पाच या हलक्या कॉस्टवर, १ लाख ८४ हजार. कॉस्ट एकाने वाढवली की वेळ दुप्पट, म्हणजे बारावर दीड हजाराच्या आत. माझी पसंती नवीन कामाला आर्गॉन२आयडी. त्याचं आर्गॉन२ घराणं २०१५ ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकलेलं, आणि ते मेमरीही भरपूर खातं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांची धाव आखडते. जुन्या प्रणालीत बीक्रिप्ट असेल तर कॉस्ट तपासा आणि राहू द्या. नुसतं एसएचए-२५६ असेल तर ते ‘सध्या चालतंय’ म्हणून ठेवू नका. स्वतःचं काहीतरी, एमडी५चा एसएचए-१ आणि त्याचा परत एमडी५ वगैरे, रचणाऱ्यांसाठी माझ्याकडे सभ्य शब्द नाहीत.

पटत नसेल तर घरी करून बघा, स्वतःच्याच नंबरावर. लिनक्सवर नंबराचा एसएचए-२५६ काढा, तो हॅशकॅटला द्या, आणि मास्क, म्हणजे शक्यतांचा साचा, असा द्या की पहिला अंक ६ ते ९ पैकी, पुढचे नऊ कुठलेही. जुन्या लॅपटॉपवरही चहा गाळेपर्यंत उत्तर येईल. फक्त नंबर गिरणीत घालताना ‘एको’ आज्ञा नुसती वापरू नका, ‘प्रिंटएफ’ वापरा. एको शेवटी गुपचूप एक नवी ओळ जोडतं, ती अंकांबरोबर दळली जाते, आणि हॅशकॅट सगळे ४०० कोटी नंबर तपासून रिकाम्या हाताने परत येतं. तसं झाल्यावर ‘बघा, माझा नंबर फुटलाच नाही’ असं मला विजयी सुरात कळवणारे आतापर्यंत चौघे झालेत.