छत्तीस पिंपं दारू खरंच उडाली असती का?

४ नोव्हेंबर १६०५. लंडनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास हाउस ऑफ लॉर्ड्सच्या थेट खालच्या वखारीत गाय फॉक्स पकडला गेला. जवळ घड्याळ आणि वाती. सरपणाखाली दडवलेली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं. दुसऱ्या दिवशी राजा पहिला जेम्स संसदेचं उद्घाटन करणार होता. तो कॅथलिकांवरचे जाचक कायदे सैल करील ही आशा फोल ठरली, तेव्हा रॉबर्ट केट्सबी आणि साथीदारांनी राजासकट सगळं सभागृहच उडवायचं ठरवलं. लॉर्ड माँटीगलच्या हाती पडलेल्या निनावी पत्राने कट फुटला.

पत्र गेलंच नसतं तर? इतिहासकार इथे राजकारणात शिरतात. मला मात्र त्या पिंपांत डोकवावंसं वाटतं.

दारू जुलैपर्यंत आत आली होती. प्लेगच्या भीतीने अधिवेशन लांबलं आणि ती तशीच पडून राहिली. ऑगस्टअखेर पाहिलं तर खराब झालेली! मग नवी आणून भर घालावी लागली. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं नुसतं मिश्रण. सोरा ऑक्सिजन पुरवतो, बाकीचे दोघे जळतात. त्या काळी सोरा तबेल्यांतली आणि कबुतरखान्यांतली मलमूत्र मुरलेली माती धुऊन काढत. त्यात कॅल्शियमचे क्षार राहून गेले की ते हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं होतं तसंच. ओलाव्यात सोरा विरघळतो, वाळताना वेगळे खडे धरतो आणि कोळशापासून सुटतो. मग दारू फुसकी.

पण ३६ पिंपांतली सगळीच फुसकी असेल असं नाही. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये त्या सभागृहाची पूर्णाकृती प्रतिकृती बांधून खाली टनभर दारू उडवली, तेव्हा आतलं कोणीही वाचलं नसतं असंच दिसलं. अर्थात ती दारू ताजी होती.

केट्सबी पळाला, तोही दारू घेऊनच. ७ नोव्हेंबरला उघड्या गाडीतून, भर पावसात, ती स्टॅफर्डशरमधल्या होलबीच हाउसला पोचली. भिजलेली दारू या शहाण्यांनी वाळवायला शेकोटीपुढे पसरली! ठिणगी पडली, भडका उडाला, केट्सबी होरपळला, जॉन ग्रँटचे डोळे गेले. घर मात्र उभंच राहिलं, कारण मोकळ्यावर ही दारू फक्त भसकन जळते. तयार होणारा वायू कोंडला गेला तरच दाब चढतो आणि भिंती फुटतात.

दुसऱ्या दिवशी शेरीफच्या माणसांनी घराला वेढा घातला आणि त्यांच्या गोळीने केट्सबी ठार झाला.